गालातलं मेण

बुधवारी फुफी बोलायची नाही.
गालात मेणाची गोळी असायची,
हरभऱ्याएवढी, पहाटेच मळून ठेवलेली.
काही विचारलं तर भुवया उडवायची,
फार झालं तर हुंकार.
आम्ही पोरं म्हणायचो, आज बाजार,
आज जैबुनफुफीच्या तोंडाला कुलूप.

गोदेच्या काठी मेथीच्या जुड्या, सुकट, गावठी कोंबड्या,
आणि पुलाच्या सावलीत तिचं पोतं.
पोत्यावर सात शिंगं,
पाच रेडकांची, दोन बोकडाची,
टोकाला भोक, वापरून पिवळी पडलेली.
फडक्यात वस्तऱ्याचं पातं. परातीत राख.

गिऱ्हाईक यायचं ते वाकडं होऊनच.
भांडी बाजारातला तांबट,
उजवा खांदा ठोकून ठोकून दगड झालेला.
मार्केटातला हमाल. तालमीतला एक दांडगा,
पातं दिसलं की डोळे मिटणारा.
फुफी पाठ चाचपायची, बोटांनी ऐकल्यासारखी.
तीन चिरे, नखाएवढे.
वर शिंग, टोकाला तिचं तोंड.
गाल आत जायचे, गळ्याच्या शिरा ताठ,
मग जीभ एकदाच हलायची
आणि मेण भोकावर बसायचं.
शिंग पाठीला धरून राहायचं,
घोरपड भिंतीला धरते तसं.
पलीकडून धुणं आपटल्याचा आवाज येत राहायचा.

रामकुंडाकडचे एक काका यायचे दिवेलागणीला,
बाजार उठल्यावर, उपरणं डोक्यावरून घेऊन.
तिच्या माठातलं पाणी त्यांना चालत नसे.
तोंड चालायचं.
पैसे पोत्यावर ठेवायचे, हातात नाही,
आणि उठताना दर वेळी म्हणायचे,
बाई, हलकं वाटलं.

एकदा निवडणुकीचा भोंगा फिरत होता:
या लोकांनी फक्त आपली तुंबडी भरली!
फुफीने मेण तळहातावर काढलं. बुधवार असून.
“कौन बोलता रे ये?
अपने वास्ते कब भरती तुंबडी?”
भरली की ओततात, म्हणाली.
राखेत ओततात, वर आणखी राख.
काळं, घट्ट, दुसऱ्याचं.
ते घरी कोण नेतं?
मेण परत गालात.

माझ्या दाखल्यावर मास्तरांनी शिंगीवाले लिहिलं होतं.
अब्बांनी चार चकरा मारून ते शेख करून आणलं.
फुफीने कागद उलटासुलटा पाहिला.
“अच्छा किया. शेख के मुँह से बास नहीं आती.”

ती गेली. शिंगं कपाटावर राहिली.
भद्रकालीतून वडाळ्याला बिऱ्हाड हललं तेव्हा
सात निघाली, पाच पोहोचली.
नंतर कुणी मोजली नाहीत.

मी द्राक्षांचा टेम्पो चालवतो, पिंपळगाव ते न्हावाशेवा.
कसाऱ्याच्या घाटात मान आखडते.
बायको म्हणाली, हिजामा करून घ्या,
मुंबई नाक्यापाशी नवीन निघालंय.
एसी होता. भिंतीवर सर्टिफिकेट.
पाकीट फोडून काढलेले प्लॅस्टिकचे कप
आणि पिस्तुलासारखं काहीतरी,
खटक, खटक, कातडी वर.
पोरगा भला होता, हातमोजे घातलेला.
सारखा बोलत होता, सुन्नत, टॉक्सिन, कालची मॅच.
मग थांबला. पाठीवर एका जागी बोट टेकवलं.
“पहली बार ना, चाचा? ये तीन चीरे काहे के?
गिर गए थे क्या?”

हो, म्हटलं. पडलो होतो लहानपणी.

तोंड उशीत होतं माझं.
जीभ आपली आपण
गालात काहीतरी शोधत होती,
हरभऱ्याएवढं,
हे बोलायच्या आधी
जे तोंडात असायला हवं होतं.